कोलंबियातले सॅमन ‘विक्रमी’ आहेत, हे कशावरून?

अमेरिकेत ओरेगनमध्ये आमच्याकडे भारतातून आई-वडील आले की कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाची एक फेरी ठरलेलीच. पोर्टलंडहून तासाभराचाही रस्ता नाही. माशांना धरण चढून जाता यावं म्हणून पाण्याच्या पायऱ्या बांधल्या आहेत. आत जाड काच, पलीकडे हिरवट पाणी आणि प्रवाहाच्या उलट अंग घुसळत जाणारे हातभर लांब सॅमन. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यातून वर येतात तसेच हे चढणीचे मासे, फक्त समुद्रातून थेट डोंगरापर्यंत जाणारे. (रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण त्याचं यांच्याशी नातं नाही.)

याच धरणाचे आकडे देऊन एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो: ‘१९३८ साली मोजणी सुरू झाली तेव्हापेक्षा आज कोलंबिया नदीत सॅमन जास्त आहेत. म्हणजे धरणांनी काही बिघडलं नाही, आणि तिच्या स्नेक या उपनदीवरची चार धरणं काढायची मागणी निराधार आहे.’ आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणून तो पटकन पटतो. त्यावरून काढलेला अर्थ मला मान्य नाही.

‘१९३८ पेक्षा जास्त.’ पण १९३८ ही नदीची भरभराट नव्हती. डबाबंद सॅमनचा पहिला कारखाना इथे १८६६ मध्ये निघाला आणि १८८३ पर्यंत चिनूक जातीच्या सॅमनची पकड शिगेला पोचून नंतर घसरू लागली होती. शिवाय धरणाच्या खाली जाळ्यात गेलेला मासा वरच्या मोजणीत येतच नाही, आणि १९३८ मध्ये खालची मासेमारी आजच्या मानाने बेसुमार होती. गोऱ्यांच्या वसाहतीआधी दरवर्षी १ ते १.६ कोटी सॅमन आणि स्टीलहेड (त्यांच्यासारखाच समुद्रातून परतणारा मासा) नदीत परतत, असा अंदाज खोऱ्याच्या वीज व मत्स्य नियोजन परिषदेने १९८० च्या दशकात काढला. परिषदेने ठेवलेलं उद्दिष्ट ५० लाखांचं, आणि तेही गाठलेलं नाही. आजारी माणसाचं वजन दवाखान्यात भरती झाल्या दिवसापासून मोजलं, तर थोडं वाढलं तरी तो धडधाकटच वाटणार.

‘मोजलेत ना, मग आहेतच.’ मोजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. दिवसा तासातली ५० मिनिटं काचेकडे डोळे लावून प्रत्येक जात वेगळी नोंदवायची, हे सोपं काम नाही. पण ती एका दारातून गेलेल्यांची नोंद आहे. काही मासे सांडव्यावरून खाली पडतात आणि पुन्हा चढतात. ते दोनदा मोजले जातात. परतणाऱ्यांतले बहुतेक मासे हॅचरीतले, म्हणजे माणसाने अंडी उबवून वाढवलेले असतात. खोऱ्यात दरवर्षी १० कोटींहून जास्त पिल्लं सोडली जातात. त्यांतल्या पुष्कळांचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. काचेशी मासा आला की तो पर शोधा: दिसला नाही तर मासा हॅचरीचा. दिसला तरी खात्री नाही, कारण सगळ्यांचा कापत नाहीत. नदी स्वतःच्या बळावर किती मासे जगवते, हे या बेरजेतून कळत नाही.

आणि बेरीज बरंच काही झाकते. २०२४ मध्ये बॉनव्हिलवरून साडेसात लाखांहून जास्त सॉकाय (सॅमनचीच एक जात) गेले, हा विक्रमच. पण ते जवळजवळ सगळे वरच्या कोलंबियाचे, त्यांतही बहुतेक ओकानागन नदीचे. ते नऊ धरणं चढतात, हे मी लपवत नाही. तिथल्या मूळ रहिवासी सिल्क्स लोकांनी वर्षानुवर्षं खपून जुनी तळी माशांना खुली केली, पाणी सोडण्याचं वेळापत्रक सुधारून घेतलं. विक्रमामागे ते कष्ट आहेत. आता स्नेकच्या बाजूला या. आयडाहोतलं रेडफिश तळं समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर, दोन हजार मीटर उंचीवर. १९९२ मध्ये तिथे एकच सॉकाय पोचला, एकटा नर. २०१५ मध्ये बॉनव्हिलला पाच लाखांवर सॉकाय मोजले गेले आणि पुढे गरम पाण्यात त्यांतले निम्म्याच्या आसपास मेले. काचेवरचं वर्ष उत्तम होतं!

‘प्रत्येक धरणावर ९६ टक्के पिल्लं वाचतात.’ उद्दिष्ट म्हणून हा आकडा खरा आहे. पण स्नेकच्या पिल्लाला समुद्राकडे जाताना आठ धरणं ओलांडायची असतात, आणि ०.९६ आठ वेळा गुणलं की ७२ टक्के उरतात. त्यात धरणांमधल्या साचलेल्या पाण्यात रेंगाळलेले दिवस आणि तिथले शिकारी मासे धरलेले नाहीत. पाहुण्यांना दिसतात त्या पायऱ्या वर चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी. बोटाएवढं पिल्लू खाली कसं जातं, ते काचेतून दिसत नाही. ते कळतं तांदळाच्या दाण्याएवढ्या टॅगमधून. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पिल्लांच्या पोटात हे टॅग बसवतात आणि धरणांवरचे अँटेना ते वाचतात. शंभर पिल्लांमागे दोन ते सहा मासे परतायला हवेत, असं परिषदेचं उद्दिष्ट. स्नेकचे रानटी (हॅचरीत नव्हे, नदीतच जन्मलेले) चिनूक बहुतेक वर्षी दोनालाही पोचत नाहीत.

‘दोष समुद्राचा आहे.’ समुद्र महत्त्वाचा आहेच; वाईट वर्षी सगळीच खोरी मार खातात. पण जॉन डे या कोलंबियाच्याच दुसऱ्या उपनदीचे रानटी चिनूक त्याच मुखातून त्याच समुद्रात जातात, आणि त्यांचं परतण्याचं प्रमाण स्नेकच्या माशांच्या कितीतरी पट आहे. त्यांच्या वाटेत तीन धरणं, यांच्या वाटेत आठ. हा फरक समुद्राच्या माथी कसा मारायचा, हे दावा पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावं.