कळसूबाई ते भीमाशंकर, मार्गे जेवणाचं टेबल

पुण्याहून भीमाशंकरला एसटी जाते. ही माहिती मला घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळी गाठून, अगदी हळुवार आवाजात दिली आहे. कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावापर्यंतही डांबरी रस्ता आहे, हेही सांगून झालं. माझं म्हणणं एवढंच, की या दोन टोकांच्या मध्ये सह्याद्रीची धार आहे, धारेवर रान आहे, गड आहेत, आणि हे सगळं एका दमात, शक्यतो डांबराला पाय न लावता चालून जायचं. असा मार्ग कुणी रीतसर आखलेला नाही. पाट्या नाहीत, माहितीपत्रक नाही. तुकड्यातुकड्यानं मात्र लोक कधीपासून जातायत. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड, हा तर सगळ्या ट्रेकरांचा पाठ झालेला ट्रेक. आपण फक्त तुकडे जोडायचे. दिवाळीनंतर निघू, तोवर नकाशा तयार करू, असं ठरलं. ही गोष्ट त्या ‘तोवर’ची आहे.

आम्ही चौघं. मी, माझा साडू, शाळेतला एक मित्र आणि ऑफिसातला एक तरुण सहकारी. साडूला वजनाचं वेड आहे. त्यानं स्वयंपाकघरातला काटा ताब्यात घेऊन टूथब्रशची दांडी कापली, पातेल्याचा कान काढला आणि माझ्या चष्म्याच्या डबीकडे बराच वेळ रोखून पाहिलं. शाळेतल्या मित्राचा प्रश्न सुरुवातीपासून एकच आहे: जेवण कुठं? सहकारी तरुण असल्यामुळे त्याचा विश्वास फक्त मोबाइलवर आहे.

माझा विश्वास कागदावर. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. इतकी वर्षं मोजमाप केल्यावर काही तरी हाताला लागलंच असणार. त्यांचे नकाशे हल्ली घरबसल्या उतरवून घेता येतात. आमचा सगळा पट्टा जुन्या क्रमांकात ‘४७ ई’मध्ये येतो. ऐकायला वाटतं एक नकाशा. पन्नास हजारास एक या प्रमाणात त्याचे सोळा होतात. शिवाय डोंगरांना नेमकं शिवेवर उभं राहायची खोड असते. रतनगडाशी एक पान संपतं, हरिश्चंद्रगड शेजारच्या पानात निघतो, भीमाशंकर आणखी खाली. सगळी पानं छापून, कडा कापून, चिकटपट्टीनं जोडली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. तेव्हापासून घर नकाशाच्या काठाकाठानं जेवतं. वरणाचा एक डाग माळशेजच्या दक्षिणेला पडला आणि बरेच दिवस आम्ही तिथं पाण्याची सोय धरून चाललो होतो.

नकाशात उंची दाखवणाऱ्या लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. हे वाचायला निरुपद्रवी वाटतं. पण सह्याद्री झाला लाव्ह्याचे थर एकावर एक बसून, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तो उभा कापला तर भाकऱ्यांची चवड दिसावी. म्हणजे कातळाचा उभा टप्पा, वर जराशी सपाटी, पुन्हा टप्पा. आता २० मीटर म्हणजे पासष्ट फूट. त्यामुळे पन्नास फुटांचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये पाय पसरून झोपला तरी नकाशाला त्याचा पत्ता नसतो. टेबलावर तिथं कोरा कागद दिसतो. मी त्यावर पेन्सिलनं ‘सोपी उतरण’ लिहिलं होतं. ऑफिसातल्या तरुणानं त्याच जागेचा कुणी तरी काढलेला फोटो दाखवला. फोटोत दोर होता, हेल्मेट होतं, आणि हेल्मेटाखाली जो चेहरा होता त्यावर सोपं वाटल्याचं काही दिसत नव्हतं.

मग उपग्रहाचं चित्र. आकाशातून कोण काय लपवणार? कारवी लपवते. पावसाळ्यानंतर ती माणसाच्या डोक्यावर जाते आणि उपग्रहाला मात्र सपाट हिरवळ म्हणून दिसते. सात वर्षांतून एकदा फुलते तेव्हा लोक तिचं कौतुक करायला मुद्दाम येतात. मधली सहा वर्षं तिच्यातून वाट काढणाऱ्यांचं मत कुणी विचारत नाही.

अंतर मोजायला बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. पक्षी सरळ उडाला तर साठेक किलोमीटर. दोरा धारेच्या प्रत्येक वळणाशी नेऊन टाचण्या टोचत गेलो, तर शंभरी मागे पडली आणि दोरा संपला. वेळेचं गणित करायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम आहे: तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाईला एक तास जास्तीचा. नियम उत्तम आहे. त्यात कारवी नाही, नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन नाही, आणि वाडीतून जाताना ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ म्हणणारी आजी नाही. मी दरेक आजीला पाऊण तास धरला.

तरुणाकडे अनोळखी लोकांनी मोबाइलवर नोंदवलेले ट्रॅक होते. एक गृहस्थ एका घाटवाटेनं ताशी चाळीसच्या वेगानं वर गेले होते. आम्ही आदरानं गप्प झालो. मग कळलं, की खाली उतरल्यावर जीपमध्ये बसताना नोंद बंद करायची राहिली होती आणि ट्रॅक आम्ही उलटा वाचत होतो. दुसरे एक थेट कड्याच्या पोटातून पलीकडे निघाले होते. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, दोन्ही बाजूंना भिंती असल्या की उपग्रहाचे संदेश आपटत आपटत येतात आणि मोबाइल माणसाला खुशाल कातळात नेऊन ठेवतो. तरुण म्हणाला, “सरासरी काढू.” एक माणूस जीपमध्ये, एक कड्यात, सरासरी दरीत निघाली.

कुठलीच कागदी साक्ष जुळेना, तेव्हा माणसांना विचारायचं ठरलं. खरा घोळ दुर्गवाडीकडून आहुप्याला कड्याच्या कडेकडेनं जाण्याचा होता. जुन्या नकाशात तिथं तुटक लाल रेघ आहे, म्हणजे पायवाट. उपग्रहात काही नाही. मागे एका वाडीत जेवलो होतो, तिथल्या बाबांचा नंबर होता. रेंज येणाऱ्या दगडावर ते संध्याकाळी असतात, तेव्हा फोन लावला.

“बाबा, कडेकडेनं आहुप्याला वाट आहे का हो?”

“हाये की.”

“चांगली मळलेली आहे?”

“आमी जायचो ना नेहमी. माझी सासुरवाडी हाये तिकडं.”

“किती वेळ लागतो?”

“सकाळचं निघायचं, जेवायला तिथं.”

“म्हणजे आम्हाला चारेक तास?”

पलीकडे शांतता. मग, “तुमी मुक्कामाचंच धरा, सर.”

“तुम्ही शेवटचं कधी गेला होतात?”

“आता कशाला जाऊ? सासू वारली. आन् जायचंच झालं तर जीप हाये.”

मी नकाशावर त्या लाल रेघेशेजारी नोंद केली: ‘वाट, सासू हयात असेपर्यंत.’ मग उरलेल्या तुकड्यांच्या चौकशीला लागलो, तर सगळीकडे हाच प्रकार. एक वाट बाजाराची होती. बाजाराला आता टेम्पो जातो. एक हिरड्याची होती. पोती आता गाडीनं जातात. एक फक्त गुरांना माहीत आहे आणि गुरं अर्ध्यात पाण्यापाशी थांबतात, तिथून पुढं त्यांचं काही काम नसतं. सगळ्या मार्गात खात्रीची म्हणावी अशी वाट एकच, नाणेघाटाची. सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी ती कातळातून काढली, लेणं खोदलं, नागनिकेचा लेख कोरला आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण ठेवला. अडचण अशी, की ती कोकणातून देशावर चढते. आम्हाला जायचंय आडवं. आडवं जाणाऱ्यांसाठी सातवाहनांनीही काही केलेलं नाही.

वाटेत दोन अभयारण्यं लागतात, एक १९८६ सालचं आणि एक १९८५ सालचं. तेव्हा परवानगी हवी. एका कार्यालयात गेलो. अर्जात रकाना होता, ‘मार्गाचे नाव’. मी सांगितलं, नाव नाही, मार्ग आम्हीच आखतोय.

“म्हणजे वाट नाही?”

“आहे, पण मोडलीय.”

“वाट नसेल तर परवानगी कशाची देऊ? आणि असेल तर आमच्याकडे नोंद हवी. नोंद नसलेल्या वाटेनं जायला बंदी आहे.”

साहेब भले होते. चहा पाजला, ज्या वाटांची नोंद आहे त्यांची यादी दिली, मुक्काम रानात नको, गावातच करा म्हणाले. ते बरोबरच होतं. त्यामुळे तीन रात्रींच्या जागा हलल्या, दोरा पुन्हा सोडला, टाचण्या पुन्हा टोचल्या आणि त्यातली एक जमिनीवर पडली. ती मुलाच्या पायाला सापडली.

मार्गाला नाव मात्र हवंच, असं आमच्यात एकमत झालं. एवढी एकच गोष्ट बिनविरोध मंजूर झाली, आणि त्यावर अख्खी संध्याकाळ गेली. ‘महा’ हवं की ‘सह्य’ हवं, टी-शर्टवर कळसूबाई डाव्या छातीवर की पाठीवर. दुसरं ठरलं ते असं, की नकाशा कुणालाही द्यायचा नाही. लोकांना कळलं की गर्दी होते, गर्दी झाली की प्लास्टिक येतं. शाळेतल्या मित्रानं हे इतकं मनावर घेतलं, की ‘कुणाला सांगू नका’ असं वर लिहूनच नकाशा आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या चुलतभावाचा लगेच प्रश्न आला, “मस्त! पार्किंग आहे का?”

मग परवा बाबांचा मिस्ड कॉल आला. मी उलटा लावला.

“सर, तुमी नक्की येनार ना? मेव्हन्याला निरोप धाडलाय. मी पन येतो संगं आहुप्यापर्यंत. कोयता घेतो, वाट मोडली आसंल तर काढू.”

“किती वाजता निघायचं, बाबा?”

“ते नाय म्हाईत. मेव्हना म्हनला, बारा वाजता पानावर बसायचं. कोंबडं हाये.”

शाळेतल्या मित्रानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि रस्सा की सुकं, ते विचारून घेतलं. आता सगळं नियोजन त्या बारा वाजल्यापासून उलटं मोजत चाललंय. आहुप्यात बारा, म्हणून दुर्गवाडीतून उजाडायच्या आत. म्हणून आदल्या दिवशी नाणेघाटातून लवकर. म्हणून हरिश्चंद्रगडावर रेंगाळायचं नाही. कळसूबाईची तारीख मेव्हण्यानं कळवायची आहे. सगळ्या आजींचे पाऊण तास मी अर्ध्यावर आणलेत. साडू काट्यापाशी बसून होता, तो मान वर करून म्हणाला, “मग त्या दुपारचा शिधा काढू ना? सहाशे ग्रॅम वाचतील.”