ब्राउन निकालानंतर शाळा 'एक झाल्या' म्हणणाऱ्यांसाठी

मे महिना आला की अमेरिकेतल्या ब्राउन खटल्यावरचा एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांतून आला. मजकूर थोडक्यात असा: १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद मोडला आणि काळी-गोरी मुलं एका बाकावर बसू लागली. काळ्यांच्या जुन्या शाळा टाकाऊच होत्या, त्या बंद पडल्या ते बरं झालं. त्या शाळांची आठवण काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती म्हणजे नुसता उमाळा, इतिहास नव्हे.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि गेली काही वर्षं याच मुलाखती ऐकते-वाचते आहे. या मजकुरातलं एकही वाक्य त्यांच्यापुढे टिकत नाही.

पहिलं वाक्य घेऊ. १७ मे १९५४ ला निकाल लागला, हे खरं. पण अंमल कधी करायचा, हे त्यात नव्हतंच. वर्षभराने, ३१ मे १९५५ ला दुसरा आदेश आला, तोही मुदत न घालता. दक्षिणेतल्या राज्यांना तेवढी फट पुरली. यादवी युद्धात फुटून निघालेल्या ११ राज्यांत निकालाला दहा वर्षं होत आली, तरी शंभरातलं जेमतेम एखादं कृष्णवर्णीय मूल गोऱ्या मुलांबरोबर शिकत होतं. 'एका बाकावर' म्हणतात ते हे!

आणि एका काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, तर बाकच उरला नाही. व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी, गाव फार्मव्हिल. ब्राउन या नावाखाली पाच खटले एकत्र होते, त्यांतला एक इथला. मुलांना मिसळा असा आदेश आल्यावर काउंटीने १९५९ साली शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी शाळा उभी राहिली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. एक-दोन महिने नव्हे, १९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा सुरू होईपर्यंत चार वर्षं. सरकारी शाळा उघडल्या १९६४ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर.

या चार वर्षांत घरांत काय झालं, ते कुठल्याही निकालपत्रात सापडत नाही. ते सापडतं या माणसांच्या बोलण्यात. भावंडांतलं एक मूल शेजारच्या काउंटीत आत्याकडे, एक उत्तरेकडे अनोळखी कुटुंबात, आणि एक तंबाखूच्या शेतावर कामाला. चर्चच्या तळघरात लहानांचे वर्ग भरायचे, पण त्यांना 'शाळा' म्हणायचं टाळत. शाळा म्हटलं तर काउंटी म्हणेल, बघा, यांची सोय झाली. आईबापांनी हा शब्द चार वर्षं गिळला.

आता 'शाळा टाकाऊ होत्या' हे. इमारती वाईट होत्या, मान्य. पण त्या कोणी वाईट ठेवल्या? फार्मव्हिलची मोटन हायस्कूल १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधली होती. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेहून जास्त मुलं झाली. नवी इमारत देण्याऐवजी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. बाहेरच्या माणसाला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. आत एकेक शेगडी. जवळ बसलेलं मूल भाजायचं, कोपऱ्यातलं अंगात कोट घालून कुडकुडायचं. पाऊस आला की वर्गात छत्र्या उघडायच्या.

याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने २३ एप्रिल १९५१ ला संप घडवला. मुख्याध्यापकांना फोन गेला: तुमची मुलं बस स्टँडवर अडचणीत आहेत, या. ते गेले. मग वर्गावर्गात सभेच्या चिठ्ठ्या पोचल्या, जणू त्यांनीच पाठवल्या. सगळी शाळा सभागृहात जमली, पडदा उघडला, तर मंचावर मुलं! बार्बराने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं. हे बेत रचणारी, मंचावरून बोलणारी मुलं त्या 'टाकाऊ' शाळेतच घडली होती.

आणि त्यांची पहिली मागणी काय होती? गोऱ्यांच्या शाळेत बसवा, ही नव्हे. आम्हाला नीट शाळा बांधून द्या, ही. भेदभावालाच आव्हान देणार असाल तरच खटला घेऊ, असं नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी सांगितलं, तेव्हा मुलं आणि पालक त्याला तयार झाले. संपाची किंमत मुख्याध्यापकांनी नोकरी गमावून दिली. बार्बराला घरच्यांनी अलाबामात काकांकडे पाठवून दिलं.

शिक्षकांबद्दल तर मजकुरात अक्षर नाही, आणि मला सर्वांत जास्त हेच लागतं. दक्षिणेतली राज्यं आपल्या गोऱ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना घेत नसत. बाहेर शिकायला थोडे पैसे हातावर ठेवत. त्यामुळे खेड्यातल्या कितीतरी शिक्षिकांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. शाळा 'एक' झाल्यावर यांना कोणी ठेवलं? ज्या टोपेका शहरावरून ब्राउन खटला ओळखला जातो, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने निकालाच्या वर्षभर आधीच, मार्च १९५३ मध्ये, कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं धाडली. मथितार्थ असा, की भेद घटनाबाह्य ठरला तर गोऱ्या मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षक इथल्या लोकांना नको असतील, तेव्हा पुढच्या वर्षी नोकरीची हमी नाही. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नोकरी गेली. ज्या बाईंनी आईला शिकवलं, मोठ्या भावाला शिकवलं, ज्या रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर असत, त्या एका जूनमध्ये गावातून दिसेनाशा झाल्या. मुलाखतींत माणसं इथे येऊन थांबतात. मीही थांबते.

'बंद पडल्या ते बरं झालं', असं कोणाला वाटलं? नॉर्थ कॅरोलायनातल्या हाइड काउंटीत कृष्णवर्णीयांच्या दोन शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा १९६८-६९ चं अख्खं वर्ष पालकांनी मुलं शाळेत पाठवली नाहीत. राजधानी रॅलेपर्यंत पायी मोर्चे नेले. त्यांना एकत्र शाळा हवीच होती. पण आपली शाळा पुसून नको होती, आणि शेवटी ती त्यांनी वाचवली. शाळेवरचा हा जीव उगाच नव्हता. १९१२ ते १९३२ मध्ये दक्षिणेत ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या मदतीने सुमारे पाच हजार शाळा झाल्या. त्यांत कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी पैसा, जमीन आणि अंगमेहनत मिळून घातलेला वाटा रोझेनवाल्डच्या निधीपेक्षा मोठा होता. कर भरून वर पुन्हा पदरचे.

राहिलं 'आठवणी म्हणजे इतिहास नव्हे'. हे मराठी माणसाने म्हणावं? भीमराव नावाच्या मुलाला वर्गात वेगळं गोणपाटावर बसावं लागे, पाणी मिळायचं तर शिपायाने नळ सोडावा लागे, हे आपल्याला शाळेच्या हजेरीपटावरून कळलं की त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून? त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कळवलं होतं, की अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे, की तिचा अभ्यास आवश्यकच आहे. आठवणीत सन चुकतो, नाव चुकतं. म्हणून ती दुसऱ्या मुलाखतीशी आणि कागदाशी ताडून पाहतात, आणि कागदही तसाच ताडून पाहावा लागतो. काउंटीच्या कागदावर पैसा मंजूर न झाल्याची नोंद असते. त्या सप्टेंबरात कोणतं मूल कोणाच्या दारात पोचवलं गेलं, याची नसते.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००३ साली या बंद शाळांबद्दल खेद नोंदवला. पुढच्याच वर्षी, ज्यांचं शिक्षण तुटलं त्यांना ते पुरं करता यावं म्हणून शिष्यवृत्ती ठेवली. १९५९ मध्ये पहिलीत जायचं राहून गेलेलं मूल तेव्हा ५१ वर्षांचं होतं.