बत्तीस जागांची नोकरी

परवा ऑफिसात डबा खाताना अमेरिकन फुटबॉलमधल्या किकरचा, म्हणजे संघासाठी बॉलला किक मारायचंच काम करणाऱ्या खेळाडूचा, विषय निघाला आणि एक सहकारी सहज बोलून गेला, "किकर म्हणजे काय खेळाडू का? मॅचमध्ये चार वेळा बॉलला लाथ मारायची आणि लाखो डॉलर घ्यायचे." तेव्हा मी गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. अमेरिकन फुटबॉल मला बरीच वर्षं नुसती ढकलाढकली वाटायची. गोडी लागली ती ब्रँडन ऑब्रीमुळे. हा आमच्या प्लेनोचाच. कॉलेजात सॉकर खेळला, 2017 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) टोरंटो एफसी या सॉकर संघाने त्याला 21 व्या क्रमांकावर घेतलं. पण तो दुय्यम संघांतच राहिला आणि थोड्याच काळात ते करिअर संपलं. मग सॉफ्टवेअर इंजिनीअरची नोकरी. पुढे एकदा टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची मॅच बघताना बायको म्हणाली, किकरचं हे काम तर तुलाही जमेल. त्याने ते मनावर घेतलं! नोकरी सांभाळून कोचकडे सराव केला, 2022 आणि 2023 मध्ये यूएसएफएल या छोट्या लीगमध्ये बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून खेळला, दोन्ही वर्षं विजेतेपद मिळवलं आणि 28 व्या वर्षी एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगमधल्या, डॅलस काउबॉइज संघात आला. पहिल्याच मॅचमध्ये एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे एका जादा गुणाची जवळून मारायची किक, हुकला. मला वाटलं, गेला बिचारा. त्यानंतर त्याने लागोपाठ 35 फील्ड गोल, म्हणजे बॉल गोलपोस्टच्या दोन खांबांमधून पाठवणाऱ्या किक, मारले. एनएफएलमध्ये करिअरची अशी सुरुवात त्याआधी कोणीच केली नव्हती.

आता "लाथ मारणं" म्हणजे काय ते बघा. स्नॅपर पायांमधून बॉल मागे फेकतो, होल्डर तो झेलून टोकावर उभा करतो, शिवण गोलपोस्टकडे फिरवतो आणि किकरचा पाय लागतो. सगळं साधारण 1.3 सेकंदांत. समोरून धिप्पाड माणसं हात वर करून अंगावर येत असतात. खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट. खांबांपासून 50 यार्ड लांब उभे राहून ते एकदा बघा.

आणि नोकरी तरी कसली? एनएफएलमध्ये 32 संघ, प्रत्येकात बहुधा एकच किकर. म्हणजे अख्ख्या देशात 32 जागा. ड्राफ्टमध्ये किकरला क्वचितच कोणी घेतं. ॲडम विनातिएरीलाही घेतलं नव्हतं. तो आधी ॲमस्टरडॅमच्या संघाकडून खेळून आला, 46 व्या वर्षापर्यंत एनएफएलमध्ये टिकला आणि 2,673 गुणांचा विक्रम करून गेला. पण असा एखादाच. बाकीच्यांचे दोन रविवार वाईट गेले की त्याच आठवड्यात मैदानावर दुसऱ्या किकरांची चाचणी सुरू होते, आणि त्या किकरला ते माहीत असतं.

बफेलो संघाचा किकर स्कॉट नॉरवुड याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. जानेवारी 1991 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठ सेकंद बाकी, 47 यार्ड. बॉल उजवीकडून बाहेर गेला आणि बफेलो 20-19 ने हरलं. आजही लोक त्याच्या साऱ्या कारकिर्दीतली तेवढी एकच किक काढतात. पण दुसऱ्या दिवशी बफेलोच्या चौकात जमलेल्या हजारो लोकांनी त्याच्याच नावाचा घोष करून त्याला पुढे बोलावलं होतं. ती माणसं मला फार मोठी वाटतात.

मी संध्याकाळी चालायला जाते त्या शाळेच्या मैदानावर एक मुलगा एकटाच सराव करतो. बॉल उभा करायला लोखंडी तिकाटणं, शेजारी जाळीची पिशवी. तीन पावलं मागे, दोन डावीकडे, मान खाली. अकरा बॉल मारतो, मग स्वतःच कुंपणापर्यंत पळत जाऊन अकराही गोळा करून आणतो. बाकीची टीम कधीच घरी गेलेली असते. काल त्याचे ओळीने तीन हुकले. तिकाटणं तिथेच ठेवून त्याने चौथा मारला.

त्या सहकाऱ्याला मी शुक्रवारी चालायला बोलावलंय.