राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कोणत्या निकषावर तोलायचा?

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यांची मुदत २०२७ च्या जुलैमध्ये संपेल आणि त्याआधी पुढच्या राष्ट्रपतींची निवड व्हावी लागेल. उमेदवारांची नावे जाहीर झाली की चर्चा कोणत्या वळणाने जाते, हे मागच्या चार-पाच निवडणुका पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. उमेदवार कोणत्या समाजाचा आहे, कोणत्या राज्याचा आहे, त्याच्या नावामुळे कोणता पक्ष अडचणीत आला आणि कोणाची मते फुटणार, याभोवतीच ती फिरत राहते. ही चर्चा निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु समोर आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी हा उमेदवार थांबून प्रश्न विचारू शकेल का, हे तिच्यात जवळजवळ कधीच तपासले जात नाही आणि माझ्या मते निवडीचा मुख्य निकष तोच असायला हवा. नावे ठरण्याच्या आधीच हे लिहितो आहे, कारण एकदा नावे आली की कोणताही निकष कोणाच्या तरी बाजूने मांडल्यासारखा वाटू लागतो.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते, तेव्हा त्या पदावर कोण बसले याने काय फरक पडतो? संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले होते, की राष्ट्रपतींचे स्थान ब्रिटिश राज्यघटनेतील राजासारखे असेल. ते राज्याचे प्रमुख असतील, कार्यकारी सत्तेचे नव्हे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन अनुच्छेद ७४ मध्ये स्पष्ट शब्दांत घातले. मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याच अनुच्छेदात एक वाट मोकळी केली, ती अशी की मंत्रिमंडळाने दिलेल्या सल्ल्याचा फेरविचार करावा, असे राष्ट्रपती सांगू शकतात. फेरविचारानंतर तोच सल्ला पुन्हा आला, तर तो मानावाच लागतो. धनविधेयके वगळता इतर विधेयकांच्या बाबतीत अनुच्छेद १११ तशीच मुभा देतो. त्याखेरीज लोकसभेत कोणालाच बहुमत नसेल, तर सरकार बनवण्यासाठी आधी कोणाला बोलवायचे, हे ठरवताना राष्ट्रपतींच्या विवेकाचाच कस लागतो. असे प्रसंग पाच वर्षांच्या मुदतीत बोटांवर मोजण्याइतकेच येतात, पण त्यांपैकी एखाद्याने देशाची पुढची कित्येक वर्षे बदलून जातात.

२५ जून १९७५ ची रात्र आठवून पाहावी. पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे पत्र राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेले. विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून सरकारी कामकाजाच्या नियमावलीतील नियम १२ खाली आधी मंत्रिमंडळाची मान्यता घेण्याच्या अटीला सूट देत आहे, असा त्या पत्राचा आशय होता. मध्यरात्रीपूर्वी आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता भरली आणि तोपर्यंत जयप्रकाश नारायण यांच्यासह अनेक विरोधी नेत्यांना अटक झालेली होती. जी बैठक सकाळी सहाला भरू शकते, ती काही तास आधी का भरू शकत नाही, एवढाच प्रश्न त्या रात्री राष्ट्रपती भवनातून विचारला जायला हवा होता. त्यासाठी वेगळा अधिकार लागत नव्हता. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे, तर मंत्रिमंडळाचा सल्ला आधी अस्तित्वात असला पाहिजे, ही साधी अपेक्षा त्यामागे होती. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवण्याची अट घातली गेली, ती याच अनुभवातून.

के. आर. नारायणन यांची कारकीर्द याच्या अगदी उलट टोकाची आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. विधानसभेत त्या दिवशी जो हिंसक गोंधळ झाला, तो देशाने पाहिला आणि लगेच गुजराल मंत्रिमंडळाने तिथे राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने आग्रह सोडला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली, तेव्हा तीही त्यांनी परत पाठवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यांनी सही केली. या तीन घटना एकत्र ठेवून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. दोन परस्परविरोधी सरकारांना त्यांनी एकाच मापाने मोजले आणि आपल्या अधिकाराची मर्यादा आली तिथे ते थांबले. १९९७ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर टी. एन. शेषन उभे होते. शिवसेनेचा पाठिंबा शेषन यांना होता, तर बाकी जवळजवळ सगळे मोठे पक्ष नारायणन यांच्यामागे होते. प्रचंड बहुमताने निवडून आलेला माणूस सगळ्यांचा मिंधा राहील, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली.

नियम १२ हा काही केवळ इतिहासाचा भाग नाही. महाराष्ट्राने तो अलीकडेच अनुभवला आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातील राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली, सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला आणि २६ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक तेव्हाही आधी झालेली नव्हती, आधार नियम १२ चाच घेतला गेला. राजवट उठवणे आणि आणीबाणी लादणे यांची बरोबरी कोणी करू नये, मीही करत नाही. परंतु एवढी घाई कशासाठी, हे विचारण्याची जागा राष्ट्रपती भवन हीच होती. अब्दुल कलाम यांच्यासारख्या लोकप्रिय राष्ट्रपतींनीही मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या प्रस्तावाला संमती दिली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. त्याच कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक, म्हणजे काही सरकारी पदे घेतल्याने खासदारकी रद्द होऊ नये अशी सूट देणारे विधेयक, संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवले, हेही नोंदवले पाहिजे. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि त्यांना सही करावी लागली, पण दरम्यान देशाला कळले की खासदार स्वतःच्या सोयीसाठी पूर्वलक्षी प्रभावाने कायदा करत आहेत. थांबण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना माझ्याकडून हे उत्तर आहे.

आता खरी अडचण येते. उमेदवार पुढे कसा वागेल, हे आधी कसे ओळखायचे? माझ्या मते त्याच्या पूर्वायुष्यात एकच गोष्ट शोधावी, ती म्हणजे ज्यांच्यामुळे त्याला पद मिळाले, त्यांना त्याने कधी नकार दिला आहे का. विरोधकांना नकार देणे सोपे असते, ते सगळेच करतात.

२००७ चे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. प्रतिभाताई पाटील उमेदवार झाल्या, तेव्हा महाराष्ट्रात चर्चा झाली ती पहिल्या महिला राष्ट्रपतींची आणि मराठी माणसाची. शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, तरीही तिने भैरोसिंह शेखावत यांना सोडून मराठीच्या मुद्द्यावर प्रतिभाताईंना मते दिली. जळगावच्या एका स्त्रीने रायसीना टेकडीवर जाणे ही अभिमानाची गोष्ट होतीच, तो अभिमान मलाही वाटला. पण राजस्थानच्या राज्यपाल असताना २००६ मध्ये त्यांनी तिथल्या भाजप सरकारचे धर्मांतरविरोधी विधेयक सही न करता परत पाठवले होते, या गोष्टीची चर्चा आपल्याकडे किती झाली? घटनात्मक पदावर बसून फाइल परत पाठवल्याचा तो ताजा पुरावा होता. तो कसून तपासला असता, तर त्याची दुसरी बाजूही दिसली असती: त्यांची नेमणूक केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारने केली होती आणि नकार मिळाला होता तो विरोधी पक्षाच्या राज्य सरकारला. म्हणून तो पुरावा अर्धाच धरावा लागतो. अशी छाननी अपमानास्पद मुळीच नाही, उलट एवढ्या मोठ्या पदाच्या उमेदवाराला तीच शोभते.

२०१७ मध्ये रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार हे दोन्ही उमेदवार दलित समाजातून आलेले होते. त्यामुळे तरी चर्चा कामाकडे वळेल, अशी आशा होती, पण ती आणखीच जातीभोवती फिरली. मीरा कुमार लोकसभेच्या अध्यक्ष असताना फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगण विधेयक सभागृहाचे थेट प्रक्षेपण बंद असताना संमत झाले. कोविंद यांनी बिहारचे राज्यपाल म्हणून विरोधी आघाडीच्या सरकारबरोबर काम केले. दोघांच्याही बाबतीत विचारण्यासारखे पुष्कळ होते. ज्या समाजांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले गेले, त्यांतील व्यक्ती सर्वोच्च पदावर बसणे याला मी फार मोठे मोल देतो. संथाळ समाजात जन्मलेल्या स्त्रीने आज सेनादलांचे सरसेनापतिपद भूषवणे ही या प्रजासत्ताकाची कमाई आहे. पण प्रतिनिधित्वाचा सन्मान करायचा, तर त्या व्यक्तीला कर्तृत्वाच्या कसोटीवर घासून पाहण्याचाही सन्मान द्यावा. नारायणन यांना आपण केवळ पहिले दलित राष्ट्रपती म्हणून लक्षात ठेवले, तर त्यांच्यावर अन्याय होईल.

ताठरपणा म्हणजे कणा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हिंदूंच्या विवाह, वारसा यांविषयीच्या कायद्यांत सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी, १९५१ मध्ये, राजेंद्र प्रसाद यांनी आपण स्वतःच्या निर्णयाने वागू इच्छितो, असे पंडित नेहरूंना कळवले होते. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर या दोघांनीही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असा अभिप्राय दिला, आणि ते योग्यच झाले. निवडून आलेल्या सरकारची धोरणे आपल्याला पटत नाहीत म्हणून अडवणारा राष्ट्रपती लोकशाहीला धोकादायक ठरेल. प्रक्रियेबद्दल हट्टी आणि धोरणाबद्दल नम्र, असा माणूस हवा आणि तो मिळणे अवघड आहे, हे मी मान्य करतो.

मग निवड करणाऱ्यांच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही, मतदान गुप्त असते आणि मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. आमदाराला गुलाबी मतपत्रिका आणि निवडणूक आयोगाचे जांभळ्या शाईचे पेन मिळते, त्याने पसंतीक्रम लिहायचा, एवढेच. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेनुसार १७५ धरले जाते, म्हणजे २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. १९६९ मध्ये या मोकळीकीने निकाल फिरवला होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, व्ही. व्ही. गिरी अपक्ष होते आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर चिंतामणराव देशमुख उभे होते. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. खालच्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, ते चिंतामणराव १,१२,७६९ मतांवर तिसरे राहिले. माझा निकष लावला, तर त्या तिघांत त्यांचा दावा सर्वांत भक्कम होता. पण ती निवडणूक काँग्रेसमधल्या दोन गटांच्या ताकदीची परीक्षा झाली होती आणि तिसऱ्या नावाचा गुणांवर विचार करण्याची उसंत कोणालाच नव्हती.

आपल्याला या निवडणुकीत मत नाही, पण आपल्या आमदाराला आणि खासदाराला आहे. उमेदवार पाठिंबा मागण्यासाठी मुंबईत येतात, पक्षांच्या बंद दाराआड बैठका होतात, छायाचित्रे छापून येतात आणि उमेदवार पुढच्या राज्याकडे निघून जातो. सर्वपक्षीय आमदारांनी मिळून प्रत्येक उमेदवाराशी निदान एक तास खुली प्रश्नोत्तरे ठेवावीत, अशी माझी मागणी आहे. त्यात पहिला प्रश्न असावा: मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय, नियम १२ चा आधार घेऊन, रात्री-अपरात्री कागद आला तर तुम्ही काय कराल? दुसरा, ज्या पक्षाने तुम्हाला उमेदवारी दिली, त्याच्या सरकारला फेरविचार करायला सांगावे असा गेल्या पाच वर्षांतला एखादा निर्णय तुम्ही सांगू शकाल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उमेदवार टाळेल, अशीच शक्यता जास्त आहे, तरीही तो विचारला जावा, कारण टाळण्याची रीतही आमदारांना पाहता येईल. हे दोन्ही प्रश्न मी माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना लेखी पाठवत आहे. ज्यांना ही मागणी पटते, त्यांनी हा मजकूर माझ्या नावाशिवाय, स्वतःच्या शब्दांत बदलून आपापल्या आमदारांना पाठवावा.