खुलासा: बाहुलीवर शिकलेली नर्स धोक्याची नाही

‘नर्सिंगच्या मुली आता पेशंटऐवजी बाहुल्यांवर शिकतात, यांच्या हाती जीव कसा सोपवायचा?’ असा मेसेज फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. वॉर्डातली ड्यूटी बंद झालेली नाही. उलट अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात क्लिनिकलचे, म्हणजे पेशंटजवळच्या कामाचे, निम्मे तास चांगल्या सिम्युलेशनला (खऱ्यासारखी परिस्थिती उभी करून केलेल्या सरावाला) दिले, तरी विद्यार्थी ज्ञानात किंवा कामात मागे पडले नाहीत.

पोटॅशियम क्लोराइड या इंजेक्शनचंच बघा. अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, दिसायला इतरांसारखीच, पण औषध पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, ही चूक झाली की मॉनिटरवरची रेघ सपाट होते, मुलीचे हात गार पडतात. मग सगळ्या गोल बसून, कोणालाही न रागावता, लेबल नेमकं कधी वाचायचं राहिलं ते शोधतात. खरं शिक्षण होतं ते इथे.