जहाजाची सहल की आपली आपण? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

क्रूझवर बंदरात उतरल्यावर काय आणि कसं पाहावं, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: जहाज कंपनी बंदरात उतरल्यावर काढते त्या सहली बाहेरच्यापेक्षा फार महाग असतात, त्यात माणसांना मेंढरांसारखं हाकतात, 'जहाज निघून जाईल' ही भीती निव्वळ धंद्यासाठी घातली जाते, आणि 'एका बंदरात एकच ठिकाण' हा माझा सल्ला आयुष्यात एकदाच जाणाऱ्याच्या काही उपयोगाचा नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय की आई-वडिलांना घेऊन चिविताव्हेक्किया (रोमचं बंदर), नेपल्स, ग्रीसचं सँटोरिनी बेट आणि पिरेयस (अथेन्सचं बंदर) अशी क्रूझ करताय, वडिलांचे गुडघे दुखतात, आणि चारही ठिकाणी सगळं स्वतःच करायचं ठरवलंय.

सहली महाग असतात, यात वादच नाही. हाकण्याचंही बऱ्याच अंशी खरं आहे. छातीवर बसचा नंबर चिकटवलेली चाळीस-पन्नास माणसं, कानात गाईडचा आवाज, आणि एकजण स्वच्छतागृहातून येईपर्यंत बाकीचे उन्हात उभे. तरीही 'कंपनीची सहल कधीच घेऊ नये' हा सरसकट नियम मला मान्य नाही, आणि 'नेहमी तीच घ्या' असं मी लिहिलेलंही नाही. हा निर्णय बंदरागणिक बदलतो. किमतीच्या आधी एक गोष्ट पाहायची: जे बघायचंय ते जहाजापासून किती लांब आहे, आणि तिथून परत यायला वाटा किती आहेत.

माल्टातलं व्हॅलेटा घ्या. जहाज शहराच्या तटाखालीच लागतं. धक्क्यावरून चालत गेलात की 58 मीटर उंचीची बराक्का लिफ्ट तुम्हाला थेट वरच्या बागेत सोडते. तिथे सहलीचे पैसे भरणं मला तरी व्यर्थ वाटतं. माँटेनेग्रोतल्या कोटॉरला जहाज धक्क्याला लागलं, तर जुन्या गावाची वेस समोरच असते. आता दुसरं टोक बघा. जाहिरातीत 'पॅरिस' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं ल आव्र बंदरात, पॅरिसपासून जवळजवळ 200 किलोमीटरवर. दिवसातले पाचेक तास जाण्यायेण्यातच जातात. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाहून माया संस्कृतीचं प्राचीन शहर चिचेन इत्सा पाहायचं तर आधी फेरीबोटीने समुद्र ओलांडायचा आणि मग रस्त्याने दोन तासांहून जास्त. एक फेरी हुकली की पुढचं सगळं गणित कोसळतं. अशा ठिकाणी मी कंपनीचीच सहल घेते, महाग असली तरी.

भीतीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. जहाज थांबत नाही, कारण त्याला सहसा थांबता येत नाही. धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेपुरती मिळालेली असते, बंदरातून वाट दाखवणारा पायलट आणि जहाज ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या असतात, पुढच्या बंदराची वेळही बांधलेली असते. कंपनीच्या बसला उशीर झाला तर एकतर जहाज थांबवतात, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही स्वतः गेला असाल तर विमान, हॉटेल आणि पुढच्या देशाचा व्हिसा हे सगळं तुमच्या अंगावर. पासपोर्ट जहाजावर राहिला असेल तर विचारूच नका. कागदावर 'सात ते सहा' असं लिहिलेलं असतं, पण सकाळी स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी मिळेपर्यंत गँगवे (उतरायचा पूल) उघडत नाही, आणि संध्याकाळी निघण्याच्या अर्धा तास किंवा त्याहूनही आधी सगळ्यांनी आत असावं लागतं. म्हणजे अकरा तासांतला दीड तास तरी वजाच.

यात घड्याळाचा एक वेगळाच घोळ आहे. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किन्ताना रो राज्याने 2015 पासून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं सोडलं. फ्लोरिडाहून आलेलं जहाज आपलीच वेळ पाळत असेल, तर उन्हाळ्यात ते किनाऱ्यापेक्षा एक तास पुढे असतं. तुमचा फोन मात्र उतरल्यावर गुपचूप स्थानिक वेळ पकडतो. म्हणून मी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावते आणि फोनकडे वेळेसाठी बघतच नाही.

आता 'एकच ठिकाण' या सल्ल्याबद्दल. तुम्हाला तो सर्वांत जास्त खटकला, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेपल्सहून 'पोम्पेई, सोरेंटो आणि अमाल्फी किनारा' अशी एका दिवसाची सहल मिळते. तिच्यात पोम्पेईच्या वाट्याला दोन तास आले तरी खूप. पोम्पेईत इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गेलेलं अख्खं शहर आहे. रस्त्याने चालताना खाली बघा. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्यात. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवलेत, आणि त्यांच्यामधली फट अशी की चाकं नेमकी त्यातून जावीत. कोपऱ्यावर खानावळीचा दगडी ओटा, त्यात मोठे रांजण बसवलेली गोल तोंडं. जरा आत गेलं की पावाची भट्टी, आणि अंगणात लाव्हाच्या दगडाची डमरूसारखी जाती ओळीने उभी. ती फिरवायला गाढवं किंवा गुलाम गोल गोल चालत. हे सगळं दिसायला थांबावं लागतं, मागे वळावं लागतं, चुकीच्या गल्लीत शिरावं लागतं. गाईडच्या नंबराच्या काठीमागे धावताना ते जमत नाही. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर तीन ठिकाणांचे फोटो काढण्यापेक्षा एक ठिकाण नीट बघणं मला मोलाचं वाटतं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण मग बसच्या खिडकीतून अमाल्फी बघण्याचे पैसे आपण भरतोय हे माहीत असू द्या. कुठल्याही सहलीच्या वर्णनात 'पॅनोरमिक' शब्द दिसला, तर तिथे बहुतेक खाली उतरवत नाहीत. आणि प्रत्यक्ष ठिकाणावर किती वेळ मिळणार, मध्ये दुकानात किती वेळ थांबवणार, हे सहलींच्या काउंटरवर स्पष्ट विचारा. ते सांगतात.

तुमच्या चार बंदरांपैकी तीन ठिकाणी मी तुमच्याच बाजूने आहे.

चिविताव्हेक्कियाहून रोम साधारण 75-80 किलोमीटर, पण आगगाड्या भरपूर आहेत. एक चुकली तर दुसरी मिळते, म्हणून धोका कमी. वडिलांना घेऊन कोलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही करू नका. व्हॅटिकन निवडलंत तर टर्मिनी या मुख्य स्थानकापर्यंत न जाता आधीच सान पिएत्रो स्थानकावर उतरा, तिथून चालत जाता येतं. तो दिवस रविवार असेल, तर महिन्याचा शेवटचा रविवार सोडून व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात. परतताना जी गाडी पुरेशी आहे असं वाटतं, तिच्या आधीची पकडा.

नेपल्सला जहाज शहरातच लागतं. पोम्पेईबद्दल मी वर एवढं लिहिलं, तरी तुमच्यासाठी हर्क्युलेनियम सुचवते. त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं, पण आकाराने बरंच लहान. तिथे जळून कोळसा झालेले लाकडी दरवाजे, तुळयाही टिकल्यात. सर्कमव्हेसुव्हियाना लोकलने तिथलं एर्कोलानो स्काव्ही स्थानक पोम्पेईपेक्षा जवळ आहे. स्थानकाकडून जाताना उतार असतो, म्हणजे परतीला चढ. वडिलांसाठी त्या टप्प्याला टॅक्सी करा. पोम्पेईलाच जायचं असेल तर तिकीट आधी काढा. नोव्हेंबर 2024 पासून तिथे दिवसाला 20,000 जणांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव लागतं.

सँटोरिनीला मात्र कृपा करून हट्ट सोडा. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर बोटीने (जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीने) उतरावं लागतं, आणि कंपनीच्या सहलीवाल्यांना सहसा आधी उतरवतात. स्वतः जाणारे जुन्या बंदरात पोचतात. तिथून वरच्या 'फिरा' नावाच्या गावात चढायला तीनच मार्ग: पाचशेहून जास्त पायऱ्या, गाढवं आणि केबल कार. पहिले दोन वडिलांसाठी बादच. केबल कारमध्ये सहा-सहा छोट्या डब्यांची माळ वर जाते, एकेका डब्यात सहाच माणसं. दोन-तीन जहाजं एकदम आली की रांग किती लांबते याचा अंदाज करा. सहलीवाल्यांची टेंडर अथिनिओस बंदरात जाते आणि तिथून बस वर नेते. उतरताना मात्र त्यांनाही बहुधा केबल कारचीच रांग असते, म्हणून शेवटच्या टेंडरच्या दीड तास आधी रांगेत लागा. बेटावरच्या ओइया गावचा सूर्यास्त डोक्यात असेल तर जहाजाची निघण्याची वेळ आधी बघा, बऱ्याचदा ते जमतच नाही. आणखी एक: वारा वाढला की टेंडर रद्द होते. कंपनीच्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. बाहेरच्या गाडीवाल्याशी ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

पिरेयसला तुम्ही म्हणता तसंच करा. अथेन्सच्या मध्यवस्तीत मेट्रोने अर्ध्या तासात पोचता. टेकडीवरच्या प्राचीन अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, सकाळची पहिली वेळ घ्या. गेल्या काही उन्हाळ्यांत कडक उष्णतेमुळे दुपारी तो भाग बंद ठेवायची वेळ आली होती. चालणं अवघड असलेल्यांसाठी 2020 च्या अखेरीस उत्तर बाजूला लिफ्ट बसवली आहे. वडिलांना ती वापरता येईल का, हे तिकीट काढण्याआधी तिथल्या कार्यालयाला लिहून विचारा. लिफ्ट नाही मिळाली, तर आईला तुम्ही वर न्या. वडिलांना पायथ्याच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात सोडा. वरच्या मजल्यावर पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्ट्या मूळ क्रमाने मांडल्यात आणि काचेतून खुद्द पार्थेनॉन दिसतं. बसायला जागा आहे, थंडावा आहे.