लिसा स्थळेकर, कुंती आणि नंदूची फाइल

काल कट्ट्यावर विषय क्रिकेटचा होता, पण संद्या असला की विषय एका रुळावर राहतो कधी. त्याने लिसा स्थळेकरचा फॉरवर्ड वाचून दाखवला. 1979 ला जन्म आपल्या पुण्यात, ससून हॉस्पिटलच्या श्रीवत्स अनाथाश्रमातून दत्तक गेली, ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि 2013 चा वर्ल्डकप तर इथे मुंबईत येऊन जिंकला. पुढे स्वतःची पुरवणी, की अशा पोरीने खऱ्या आईला हुडकून तिच्यासमोर उभं राहायला पाहिजे, बघ म्हणावं काय टाकलंस ते.

आता नंदू शेजारीच बसलेला, आणि त्याची पोरगी दत्तक आहे हे अख्ख्या कट्ट्याला माहितीये, पेढे खाल्लेत सगळ्यांनी. संद्या तेवढं विसरला.

नंदू चिडला नाही. एवढंच म्हणाला, "खरी आई घरी भाकऱ्या करतीये, ती सोड. आणि टाकलं आणि सोपवलं यात फरक आहे बाबा."

मग त्यानेच समजावलं. कुणी संस्थेच्या दारातल्या पाळण्यात बाळ ठेवून निघून गेलं तर कागदावर आईचं नावच नसतं, शोधणार काय कप्पाळ. पण बालकल्याण समितीपुढे सही करून सोपवलं असेल तर नाव असतं, आणि सही केल्यावर मन बदलायला 60 दिवस मिळतात. पोरगं अठराचं झालं की मुळांचा शोध घ्यायचा अर्ज स्वतः करू शकतं, त्याआधी दत्तक आईबापांसोबत. पण आईने तेव्हाच नाव गुप्त ठेवा सांगितलं असेल तर तिला विचारल्याशिवाय पत्ता देत नाहीत, ती नाही म्हणाली तर का सोपवलं एवढं सांगतात आणि विषय संपला.

"हा अन्याय आहे," संद्या. "पोराचा हक्क आहे राव. कुंती पण गेली ना शेवटी कर्णाकडे."

"गेली, पण कधी?" मंजिरी बोलली आणि तिचा कटिंग तसाच गार झाला. "युद्ध तोंडावर आल्यावर, बाकीचे पाच वाचवायला. त्याला भेट म्हणतोस तू? आणि तेव्हाही तिची ती गेली, कर्ण तिच्या दारात नव्हता आला. आता धर एक बाई, पन्नाशीची, नवऱ्याला काही माहीत नाही, घरात सून आलीये, आणि अचानक तिशीतला मुलगा बेल वाजवून आई म्हणतो. तो फोटो काढून परत जाईल, तिला तर त्याच घरात राहायचंय."

खरं सांगू तर मी संद्याच्या बाजूने होतो, कारण पिक्चरमध्ये अशा सीनला मी हमखास रडतो. पण मग बापूकाकांनी फुल्यांचं काढलं. 1863 साली याच पुण्यात त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि बोर्ड काय लावला तर गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं का ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. ती गुपचूपची खात्री होती म्हणून बाया आल्या आणि पोरं जगली. पुढे तिथलाच यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर झाला तो. काका म्हणाले, दीडशे वर्षांनी आपण तो शब्द मोडायचा का?

मला ते पटलं, म्हणजे निम्मं पटलं. कारण उलट्या बाजूचं कुणी बोलतच नाही, समजा आईलाच वाटलं की पोर कसं आहे बघावं, तर? नियमात अर्ज करायचा तो पोराने. तिने वाट बघायची, बास. संद्याला हे मिळाल्यावर तो परत सुरू झाला, मंजिरी त्याच्यावर सुरू झाली, आणि टपरीवाल्याने शटर अर्धं खाली घेतलं.

उठताना नंदूला विचारलं, तुझ्या पोरीने विचारलं तर रे?

"अकराची आहे अजून, दत्तक आहे ते सांगितलंय तिला," तो गाडीला किक मारत म्हणाला. "फाइल माळ्यावर होती, मागच्या पावसात तिथे गळत होतं. जाऊन बघतो."